दुसऱ्याच्या नावानं लॉगिन करताना

आमची कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ऑफिस नागपुरात, गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ. ग्राहक इतवारीपासून काटोल, सावनेर, उमरेडपर्यंत. एप्रिलचा पहिला आठवडा आमच्याकडे सगळ्यात धावपळीचा. मार्चअखेर उरकून नवं वर्ष उघडलेलं असतं आणि सपोर्टचे फोन थांबत नाहीत.

अशाच एका एप्रिलमध्ये काटोलकडच्या एका शाखेतून क्लार्क मॅडमचा फोन आला. व्हाउचरचं पान उघडत होतं, पण शाखेची यादी रिकामी. आमच्या सपोर्टच्या मुलानं स्वतःच्या ॲडमिन लॉगिनमधून तेच पान उघडलं, तर सगळ्या शाखा जिथल्या तिथे. तो म्हणे सगळं ठीक आहे, त्या म्हणत काहीच दिसत नाही, आणि काउंटरसमोर लोक ताटकळलेले. शेवटी कळलं की त्या शाखेवरची मॅडमची नेमणूक सिस्टीममध्ये ३१ मार्चला संपली होती आणि पुढची तारीख कुणी भरलीच नव्हती. ॲडमिनला सगळ्याच शाखा दिसतात, त्यामुळे त्याला ही अडचण कधीच दिसली नसती. बऱ्याच तक्रारी अशाच असतात. ज्याची तक्रार, त्याच्या खात्यातून पाहिल्याशिवाय त्या उकलत नाहीत.

त्यावर तेव्हाचा उपाय सोपा होता: फोनवर पासवर्ड विचारायचा. सपोर्टच्या टेबलावर एक वही होती. संस्था, शाखा, नाव, पासवर्ड. सगळ्यांना ती सोयीची वाटे आणि तिच्यामुळे कामं खरोखर लवकर होत. मला मात्र ती वही पाहिली की अस्वस्थ व्हायचं. पतसंस्थेत व्हाउचर बनवणारा एक आणि पास करणारा दुसरा असतो. पैशांची सगळी शिस्त या दोन सह्यांवर उभी आहे. वहीत दोघांचेही पासवर्ड एकाच पानावर होते.

मग एका दुसऱ्या संस्थेतल्या क्लार्कचा फोन आला. लॉगिन केल्यावर वरच्या कोपऱ्यात शेवटच्या लॉगिनची वेळ दिसते, ती त्यांनी वाचली होती. ‘‘सर, मी काल सुट्टीवर होती. मग सव्वाअकराला माझ्या नावानं कोण लॉगिन करून राहिलं होतं?’’ चौकशीत निघालं ते साधंच: व्यवस्थापकांना एक रिपोर्ट हवा होता आणि आमच्या मुलानं तो मॅडमच्या लॉगिनमधून काढून दिला होता. एका पैशाचाही घोळ नव्हता. पण असता, तर कागदावर नाव मॅडमचंच आलं असतं आणि ‘ती मी नव्हते’ हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं. त्यांच्या आवाजातली भीती मला पटली.

त्यानंतर आम्ही ‘लॉगिन ॲज’ची, म्हणजे पासवर्ड न विचारता दुसऱ्याच्या नजरेनं सिस्टीम पाहण्याची, सोय बांधायला घेतली. यात नवं असं काही नाही. आमचं सॉफ्टवेअर रूबी ऑन रेल्सवर आहे. तिथे ‘प्रिटेंडर’ नावाचं तयार जेम, म्हणजे कोडचं पॅकेज, मिळतं. जँगोत ‘हायजॅक’ आहे, सिम्फनीत तर ही सोय अंगभूतच आहे. गाभा सगळीकडे एकच: सत्रात दोन व्यक्ती वेगळ्या ठेवायच्या, एक जिच्या नजरेनं पाहतोय ती आणि दुसरी प्रत्यक्ष कीबोर्डवर बसलेली. पडदा पहिलीप्रमाणे दिसतो, नोंद दोघांच्या नावानं होते. शेवटच्या लॉगिनची वेळ या भेटीमुळे बदलत नाही.

जेम बसवायला वेळ लागला नाही. वेळ गेला काय-काय करू द्यायचं नाही हे ठरवण्यात. ॲडमिनला दुसऱ्या ॲडमिनच्या खात्यात जाता येत नाही. तक्रार क्रमांक लिहिल्याशिवाय दार उघडत नाही आणि पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतं. पासवर्ड, मोबाइल नंबर बदलणं, व्हाउचर टाकणं, पास करणं, सगळं बंद. फक्त पाहता येतं. यावर ऑफिसात बरीच वादावादी झाली. ‘चूक दिसली तर तिथंच दुरुस्त करू द्या ना’ असं सपोर्टच्या मुलांचं म्हणणं, आणि त्यांची घाईही खरी होती. पण दुरुस्ती करायची तर ती स्वतःच्या लॉगिनमधून, स्वतःच्या नावानं करावी, यावर मी अडून बसलो.

तपासणीत एक फट सापडली. खातेउतारा मोठा असला की त्याची पीडीएफ मागे, रांगेतल्या कामात तयार होते. ते काम सुरू होईपर्यंत सत्र मागे राहिलेलं असतं, म्हणून नोंदीत फक्त ज्याचं खातं त्याचंच नाव उतरत होतं. मग रांगेत टाकल्या जाणाऱ्या प्रत्येक कामासोबत दोन्ही नावं पाठवायला लागलो. ईमेल, एसएमएस, एक्सेल, सगळ्या वाटा एकेक करून तपासल्या.

फट किती महागात पडते याचं उदाहरण फेसबुकचं आहे. आपलं पान दुसऱ्याला कसं दिसतं ते पाहण्यासाठी तिथे ‘व्ह्यू ॲज’ सोय होती. फक्त पाहण्याचीच. पण जुलै २०१७ मध्ये बदललेला व्हिडिओ अपलोडर त्या पानावर चुकून उगवायचा आणि ॲक्सेस टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय खात्यात शिरायची किल्ली, बनवायचा, तेही पाहणाऱ्याचं नाही, ज्याच्या नजरेनं पाहतोय त्याचं. सप्टेंबर २०१८ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर सुमारे ३ कोटी खात्यांची टोकन चोरीला गेली होती. ते वाचल्यापासून आमच्याकडे पक्कं आहे: ‘लॉगिन ॲज’च्या सत्रात कुठलंही टोकन निघत नाही.

सगळ्यात मोठा वाद एका संस्थेच्या व्यवस्थापकांशी झाला. कोण, कधी, कोणत्या तक्रारीसाठी आपल्या खात्यात आलं होतं, याची यादी प्रत्येक कर्मचाऱ्याला दिसते. ते म्हणाले, ‘‘भाऊ, आमचेच कर्मचारी, त्यांना कायले सांगायचं? गुपचूप पाहता आलं पाहिजे.’’ मी नाही म्हटलं. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सीखाली गुन्हा आहे, हेही बोलण्यात आलं. पण माझा खरा मुद्दा कायद्याचा नव्हता. ज्या बाईच्या सहीवर रोजची रोकड बंद होते, तिच्या नावाआड कोण उभं होतं हे तिला कळायलाच हवं. तपासणीसाठी व्यवस्थापकांना स्वतःच्या नावाचं, फक्त वाचता येणारं लॉगिन दिलं. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. या भेटींच्या नोंदी आम्ही त्याहून जास्त काळ ठेवतो आणि त्या पुसायची सोय ॲडमिनलाही नाही.

वही फाडली, सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. तरी अजून फोनवर कुणी सवयीनं पासवर्ड सांगायला लागतं आणि आमची मुलं मधेच थांबवतात.

आता सभासदांच्या मोबाइल ॲपमध्येही ही सोय द्यावी का, यावर चर्चा सुरू आहे. माझं मत नको असं आहे. ठेवीदाराची तक्रार शाखेत, त्याच्यासमोर, त्याच्याच फोनवर पाहता येते. त्यात दहा मिनिटं जास्त जातात, ती जाऊ द्यावीत असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.