नाव, गाव, कुठून आलात

सातारच्या एसटी स्टँडवरून रात्री उशिरा बाहेर पडलं की पाट्या दिसू लागतात. दिवसा रसवंतीगृहं, वडापच्या गाड्या आणि कंदी पेढ्यांच्या दुकानांच्या गर्दीत त्या हरवलेल्या असतात. खालची शटरं पडली की वरच्या मजल्यांवरची लाल-निळी अक्षरं उजळतात: लॉजिंग, लॉजिंग-बोर्डिंग, फॅमिली रूम, गरम पाण्याची सोय. त्या अक्षरांखाली कुठेतरी अरुंद जिना असतो. जिन्याच्या वर लाकडी काउंटर, त्यामागे किल्ल्यांचा फळा, फळ्याशेजारी हार घातलेली तसबीर, आणि खुर्चीत अर्धा जागा असलेला एक माणूस. शेवटची गाडी चुकलेल्या, तारखेला आलेल्या, भरतीला आलेल्या, कुणाच्याच नात्यात नसलेल्या माणसाचं या शहरातलं घर तेवढंच.

मला या लॉजांबद्दल मनापासून माया आहे. कामासाठी सातारा, कराड, सांगली, मिरज अशी माझी ये-जा असते आणि मुक्काम बहुधा अशाच ठिकाणी पडतो. खोली म्हणजे काय, तर लोखंडी कॉट, कापसाची दबलेली गादी, धुऊन धुऊन विरलेली पण स्वच्छ चादर, भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्या, मोरीत एक बादली आणि एक मग. पंख्याचं बटण दोनवर ठेवलं तर तो फिरत नाही, तीनवर ठेवलं तर झोपू देत नाही. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. खिडकी उघडली तर समोर अजिंक्यताऱ्याचा काळा कडा आणि वर टॉवरचा लाल दिवा. ज्या गडाच्या पायथ्याशी शाहू महाराजांनी राजधानी वसवली, तो गड अशा खिडकीतून दिसतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं आली की मोठ्या हॉटेलांचे दर चढतात, रस्त्याला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. स्टँडजवळच्या लॉजात तेव्हाही कोर्टाच्या तारखेला आलेला माणदेशातला शेतकरी उतरलेला असतो. त्याच्या पिशवीत कागदांची गुंडाळी असते आणि फडक्यात बांधलेली भाकरी.

अशा लॉजाच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे शेजार आपोआप कळतो. पलीकडच्या खोलीत भरतीची पोरं असतात. सैनिकांचं गाव म्हणून अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. त्या जिल्ह्यातली पोरं आहेत ही, भरतीचं वेड त्यांना घरातूनच लागलेलं. दोघांच्या खोलीत पाचजण झोपतात आणि मॅनेजर तिकडे पाहत नाही. पहाटे अंधारातच त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यावरून उतरत जातो. दुसऱ्या बाजूला बियाणं-औषधांचा फिरता विक्रेता फोनवर मुलीला पाढे म्हणायला लावत असतो. सतराच्या पाढ्याशी ती अडते, तेव्हा भिंतीच्या अलीकडे आपणही मनात तिला आकडा सुचवतो.

पण या सगळ्याआधी ते रजिस्टर असतं. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, कोपरे झिजलेलं. नाव, गाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, कामाचं कारण, सही. मुसाफिराची नोंद ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. 1867 साली इंग्रज सरकारनं सराईंसाठी कायदा केला. सराईवाल्यानं सराईची नोंद करावी, खोल्या, ओसऱ्या, विहिरी साफ ठेवाव्यात, राखणदार नेमावा, दरांची यादी लावावी, अशी त्याची कलमं होती. काउंटरमागच्या भिंतीवर आजही सिंगल, डबल, जादा गादी असे दर टांगलेले दिसतात, तेव्हा मला तो कायदा आठवतो. रजिस्टरचा पहिला रकाना मात्र मी कधी सहज भरू शकत नाही. माझं नाव लिहिताना मला दरवेळी एक मुलगा आठवतो. तो याच शहरात शिकायला होता.

7 नोव्हेंबर 1900 रोजी राजवाड्यातल्या शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1901 मध्ये, सुट्टीत घरातली मुलं वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. साताऱ्याहून गाडीत बसून मुलं मसूरला उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तरानं मुलांचे कपडे पाहून आपुलकीनं चौकशी केली, आणि महार म्हटल्याबरोबर तो मागे सरला. एक गाडीवान दुप्पट भाड्याला तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि गाडीवानानं बाजूनं चालावं या अटीवर. मध्यरात्रीच्या सुमारास डोंगरापलीकडच्या टोलनाक्यावर बैल सोडले. डब्यात जेवण भरपूर होतं, पण पाणी नव्हतं. नाकेदाराकडे मागितलं तर त्यानं डोंगराकडे बोट दाखवलं. मुलं तशीच उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींच्या टिपणात हा प्रवास लिहून ठेवला. मी तो वाचते तेव्हा अपमानाइतकंच त्या रात्रीचं साधेपण मला पिळवटून टाकतं. त्या मुलांना काय हवं होतं? एक तांब्या पाणी आणि पाठ टेकायला जागा. आज त्या भागातला कुठलाही लॉजवाला खोलीची किल्ली देताना आधी पाण्याचा जग भरून देतो. 1901 साली सातारा जिल्ह्यात तेवढं मिळालं नाही.

सोळा वर्षांनी तेच पुन्हा झालं. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले आंबेडकर 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून पारशी विश्रामगृहात गेले. तिथलं रजिस्टर फक्त पारशांसाठी होतं. तेव्हा पारशी नाव लिहायचं ठरलं आणि जागा मिळाली. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाजूला मोडक्या बाकांनी, तुटक्या खुर्च्यांनी भरलेलं मोठं दालन, वीज नाही, रखवालदार आणून देईल तो कंदील. त्या एकाकी उजेडात ते वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले लोक वर चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची होती. मग कमाठी बागेत बसून काढलेले काही तास आणि रात्रीची मुंबईची गाडी.

म्हणून मला रजिस्टरचा तो रकाना साधा वाटत नाही. जगातला एवढा विद्वान माणूस, आणि स्वतःचं नाव लिहून त्याला खाट मिळत नव्हती.

याच काळात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरत होते. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. वारीला आलेल्या, पण कुणाच्या ओसरीवर पाय ठेवता न येणाऱ्या माणसांना पंढरीत छप्पर मिळालं. स्वतःसाठी घर न बांधणाऱ्या या परीटानं नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी परक्यांसाठी खोल्या बांधल्या; मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. 1949 मध्ये पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. लगेच पुढच्या वर्षी, 26 जानेवारीला, संविधान अमलात आलं. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही अशा जागांची नावं आहेत, आणि दुकानं, उपाहारगृहं यांच्यासोबत तिथे हॉटेलंही आहेत. मसूरची ती रात्र ज्यांनी काढली तेच मसुदा समितीचे अध्यक्ष होते. राष्ट्राच्या मूळ ग्रंथात मुक्कामाची खोली आली याचं मला अपार समाधान वाटतं.

गाडगेबाबांनी ज्यांच्यासाठी खोल्या बांधल्या ती माणसं पाहायची तर मिरजेला उतरावं. डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि तेव्हापासून हे गाव पेशंटांचं झालं. कोकणातून, सोलापुराकडून, कर्नाटकातून माणसं येतात. लॉजच्या काउंटरवर मराठी जितकी चालते तितकीच कानडी. इथला मुक्काम एका रात्रीचा नसतो; ऑपरेशन, टाके, पुन्हा तपासणी असा तो लांबत जातो. कॉरिडॉरच्या दांडीवर लुगडी वाळत असतात, कुणी मॅनेजरची परवानगी काढून स्टोव्हवर पेज शिजवत असतं. बेळगावकडची म्हातारी आणि जतचा तरुण एकमेकांना नावानं ओळखत नाहीत. 'हार्टवाले' आणि 'किडनीवाले' म्हणून ओळखतात, आणि डबा द्यायला जाताना एकमेकांचाही डबा नेतात. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. त्या दिवसांत त्याच खोल्यांत तंबोऱ्याची गवसणी घेऊन कलावंत उतरतात. मग एका मजल्यावर रात्री गाण्याचं बोलणं चालतं आणि दुसऱ्यावर रक्ताच्या बाटल्यांचं. दोघांनाही चहा पोचवणारा पोऱ्या एकच.

साताऱ्यात हिवाळ्यात लॉजच्या खालच्या खानावळीत बाजरीची भाकरी मिळते. वर तीळ लावलेली, सोबत खर्डा, लसणाची चटणी, वांग्याची भाजी. माण-खटावच्या कोरड्या रानात वाढलेली ही बाजरी मूळची इथली नाही. पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिण कडेला, आजच्या मालीच्या भागात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती पेरली जात होती. तिथून प्रवास करत ती आपल्याकडे पोचली आणि इतकी रमली की माणदेशी माणसाला ती परकी आहे हे सांगूनही पटणार नाही. दौलताबाद पाहून गेलेला प्रवासी इब्न बतूता पुढे 1352 मध्ये सहारा ओलांडून वलाता गावी पोचला. तिथे त्याच्यापुढे भोपळ्याच्या अर्ध्या तुंब्यातून कुटलेली बाजरी, थोडा मध आणि दही आलं. एवढंच, म्हणून तो रागावला. मला तो पाहुणचार उत्तम वाटतो; वाळवंटाच्या काठावर जे होतं ते त्यांनी पुढे केलं. पण त्याच माणसानं नंतर माली देशाबद्दल एक गोष्ट मोकळेपणानं नोंदवली: तिथे वाटसरूला चोराचिलटाचं भय नाही, गावकऱ्याला नाही आणि परक्यालाही नाही.

मला लॉजकडून तेवढंच हवं असतं. एकटी बाई काउंटरवर उभी राहिली की अजूनही काही ठिकाणी प्रश्न बदलतात. सोबत कोण आहे, साहेब मागून येतायत का, रात्रीच का आलात. एका गावात मी ओळखपत्र पुढे करूनसुद्धा "लेडीजना सिंगल देत नाही" असं ऐकलं आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या पाठीमागे रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या ओळीनं लटकत होत्या. संविधानातल्या त्या यादीत 'लिंग' हा शब्दही आहे. कुणाला खोली नाकारली जाते ते आडनावावरून, पेहरावावरून, सोबतीवरून आजही ठरू शकतं, आणि जिथे ठरतं तिथे ते थांबवलंच पाहिजे. दिखाऊ सजावट कुणी मागत नाही. आतून पक्की बसणारी कडी, जिन्यात चालू असलेला दिवा, स्वच्छ चादर आणि विचारलेल्या प्रश्नांत सगळ्यांना सारखेपणा, एवढं सर्वांत स्वस्त खोलीतही असायला हवं.

गेल्या खेपेला साताऱ्यात मी सही करत होते, तेव्हा मागे एक मुलगी आणि तिची आई येऊन थांबल्या. म्हसवडहून आल्या होत्या. मुलगी पोलीस भरतीला आलेली. खांद्यावर सॅक, हातात पळायचे बूट लेसांनी एकत्र बांधलेले. आईनं आधीच सांगून टाकलं, आम्ही दोघीच आहोत, संगं माणूस न्हाई. मॅनेजरनं आधार कार्ड घेतलं, रजिस्टर तिच्याकडे वळवलं आणि म्हणाला, "लिवा की मावशी, नाव, गाव." आईनं पेन मुलीकडे दिलं. मुलीनं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावाआधी आईचंही, आणि कामाच्या कारणापुढे ठसठशीत अक्षरांत 'भरती'. आईची काळजी अजून संपली नव्हती. पोरगी अंधारातच ग्राउंडवर जाणार, खालचं शटर तर बंद असणार, उघडायचं कुणी?

"मी उघडतो की," मॅनेजर म्हणाला, आणि मुलीकडे वळला. "चारला हाक मारू, का साडेचारला?"

"चारला," ती म्हणाली.