राघोबा

आमच्या माजघरात, देवघराच्या भिंतीला पाठ लावून, जांभ्याच्या चिऱ्यांच्या कमरेइतक्या उंच चौथऱ्यावर चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच अशी जी काचेची पेटी २०१० सालापासून उभी आहे, तिच्यात सुमारे अडीचशे लिटर समुद्र आहे. आणि या समुद्रात ज्याने आपल्या आयुष्याचा पूर्वार्ध कुणाच्या तरी धाकात व उत्तरार्ध कुणाला तरी धाकात ठेवण्यात घालविला, त्या राघोबाची हकिकत लिहिण्याचे मी आज योजिले आहे. राघोबा म्हणजे आमच्याकडे आला तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा असलेला एक नारिंगी मासा. अंगावर तीन पांढरे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला काजळाची बारीक कड. या जातीला क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासा, असे नाव पडले आहे. पण ज्या कोणी ते ठेवले त्याने राघोबाची मुद्रा निरखली नसावी, कारण ती विदूषकाची नव्हती, नुकत्याच कचेरीत रुजू झालेल्या उमेदवार कारकुनाची होती.

त्याच्या जातीचे मूळ वतन अंदमानचा समुद्र आणि तेथून पूर्वेकडील प्रवाळबेटांचा मुलूख. तो स्वतः कुठल्याशा पैदास केंद्राच्या हौदात जन्मला असल्यामुळे त्याने समुद्र असा कधी पाहिलाच नव्हता. समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर राहून त्याला समुद्राचे दर्शन घडू नये, ही गोष्ट दुसऱ्या गावात विलक्षण वाटली असती. परंतु १८८५ साली पदच्युत झालेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ज्या गावाने १९१६ साली त्याचा अंत होईपर्यंत ठेवून घेतले, त्या रत्नागिरीला पूर्वेकडून आलेला एखादा नजरकैदी नवीन नाही.

या साऱ्याचे मूळ आमच्या दादांच्या पेशात आहे. दादा इतिहासाचे शिक्षक. परंतु दर वर्षी शाळेतली मुले घेऊन ते झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात, १९५८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे मत्स्यालय दाखवायला जात, आणि त्या मुलांत त्यांचा स्वतःचा मुलगाही असे. दादांच्या मनात त्या भेटींचे जे काही उरले असेल ते असो, चिरंजिवांच्या मनात मासे राहिले. नोकरीला लागल्यावर एका लांबलचक रजेत त्याने ही पेटी उभी केली, आणि रजा संपताच ती आम्हा तिघांच्या, म्हणजे दादा, वहिनी आणि मी यांच्या, हवाली करून तो पुण्याला निघून गेला.

त्याला खरे तर प्रवाळांची बाग हवी होती. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ आहे तिथेच, २००१ साली प्रवाळही जाऊन बसले आहेत. आणि मी महसूल खात्यात उभी हयात घालविली असल्याने माझ्या घरात अनुसूचीतला जीव बेकायदा नांदणे शक्य नव्हते. तेव्हा पांढरे सिमेंट आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा कालवून त्याने खडक ओतले, आणि सिमेंटचा दाह निघून जावा म्हणून दोन महिने ते विहिरीच्या पाण्यात, पाणी बदलत, भिजत ठेवले. पुढे तीन-चार वर्षांत त्या खडकांवर जांभळ्या रंगाचे, दगडासारखे कठीण असे शेवाळ पसरले, आणि परके लोक विचारू लागले, की हे कुठल्या समुद्रातून काढलेत.

पाण्याचा बंदोबस्त मिरकरवाड्याच्या खलाशांकडे होता. भगवती किल्ल्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ते आमचे कॅन भरून घेत. मृग लागला की नद्यांच्या लोंढ्यांनी किनाऱ्याजवळचा समुद्र गढूळ आणि अर्धवट गोडा होतो, म्हणून जसे आपण पावसाळ्याची बेगमी करताना तांदूळ आणि सुक्या लाकडांची मोजदाद करतो, तसे आमच्या पडवीत चार महिन्यांच्या समुद्राचे पिंप झाकून, अंधारात, ठेवलेले असत.

इतके करूनही पहिले सहा आठवडे पेटीत दगड आणि पाणी यांखेरीज काही नव्हते, आणि येणारे-जाणारे आम्हाला हसत. पण माशाच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून जो अमोनिया सुटतो तो माशाला जहर असतो. जिवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइट करतो, तेही जहरच. आणि दुसरा वर्ग त्याचे नायट्रेट करतो, जे थोड्या प्रमाणात सोसते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले म्हणजे आटोक्यात राहते. हे दोन्ही वर्ग आपापल्या जागी रुजू होऊन त्यांचा कारभार सुरळीत चालायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत जो घाईने मासे सोडतो तो त्यांना न्यायाधीश नेमण्यापूर्वीच फाशी देतो.

मासे आले ते दोन. दोन्ही सारखेच वाटावेत असे. पण आठवड्याच्या आतच एक वाढू लागला आणि दुसरा जिथल्या तिथे राहिला. थोरला जवळ आला की धाकटा एका कुशीवर कलंडे आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथर कापे. आपली शरणागती मंजूर झाली असे दिसेपर्यंत तो सरळ होत नसे. दादांनी चष्मा पुसून हा प्रकार दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी निवाडा दिला: "ही आनंदीबाई आणि हा राघोबा. पेशवाईत 'ध'चा 'मा' कुणी केला याला पुरावा नाही. इथे मात्र पुरावा समोर पोहतोय."

समुद्रात हे मासे समुद्रफुलांच्या विषारी बोटांत घर करतात. आमच्याकडे समुद्रफूल नव्हते, म्हणून वहिनींनी ओव्याची एक वीतभर कुंडी रिकामी करून, घासून, पाण्यात आडवी ठेवायला दिली. आणि आनंदीबाईंनी त्याच संध्याकाळी तिचा कब्जा घेतला. त्या कुंडीभोवतीची हातभर वाळू ही त्यांची जहागीर झाली. त्या हद्दीत मी काच पुसण्यासाठी हात घातला, की आनंदीबाई टक् टक् असा दात वाजविण्याचा आवाज करीत अंगावर येत आणि करंगळीला चावत. राघोबा मागे राहून कापत असे.

दुसऱ्या वर्षी कुंडीच्या आतल्या अंगाला नारिंगी अंड्यांचा एक ठसा उमटला, शेकड्यांनी मोजावीत इतकी अंडी. ती घालून आनंदीबाई मोकळ्या झाल्या. राखणीचे काम राघोबाचे. आठ दिवस तो पंखांनी त्यांना वारा घाली, मेलेली तोंडाने वेचून काढी, आणि क्वचितच जागा सोडी. वहिनी रात्री दिवा मालवताना म्हणाल्या, "भावजी, बाळंतपण हिचं आणि रात्रपाळी याची. आपल्यापेक्षा बरं चाललंय की यांचं." आठव्या रात्री, अंधार झाल्यावर, पिले फुटली, पण त्यांना वाढवायला वेगळी पेटी आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवंत जीवांचा खुराक लागतो, तो आमच्याजवळ नव्हता, आणि सकाळपर्यंत पाणी पुन्हा रिकामे झाले होते. राघोबा कुंडीच्या तोंडाशी वारा घालीतच होता.

या सगळ्याचे दप्तर दादा ठेवीत. लांबट वही, शाईची लेखणी, आणि चार रकाने: तारीख, उष्णतामान, घनता, शेरा. उष्णता पंचवीस ते सत्तावीस अंश आणि सापेक्ष घनता १.०२५ असावी, असा चिरंजिवांचा हुकूम होता. वैशाखात पारा तिसाच्या वर जाई, म्हणून पाण्याच्या पृष्ठावर टेबलपंखा सोडावा लागे. त्याने पाणी निवे, पण रोज तीन-चार लिटर उडूनही जाई. उडते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे काम वहिनींचे. यंत्रातून गाळलेले पाणी त्या, आमच्या पिण्याच्या पाण्याप्रमाणेच, रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवीत आणि सकाळी देवपूजा आटोपल्यावर भक्तिभावाने पेटीत ओतीत. महिन्याभरात शंखातले खेकडे मेले, मग झिंगे, मग गोगलगायी. माशांना मात्र काही झाले नाही. चिरंजिवांनी फोनवर एकच प्रश्न केला, "काका, पाणी कुठल्या भांड्यातलं?" तांब्याचा अंश माशाला बराच सोसतो, पण पाठीचा कणा नसलेल्या या जिवांना लेशमात्रही सोसत नाही. ज्या पाण्याने आमचे देव न्हातात त्या पाण्याने खेकडे मरतात, हे वहिनींना अखेरपर्यंत पटले नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून पेटीजवळ प्लास्टिकची बादली आली, आणि मेलेल्या खेकड्यांचे शंख त्यांनी तुळशीच्या आळ्यात नेऊन ठेवले.

२०१६च्या मार्गशीर्षात वहिनी गेल्या. त्याचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. किल्ल्यांचा जुडगा खुंटीवर काही दिवस तसाच राहिला, आणि मग तो दादांच्या कनवटीला दिसू लागला, एवढेच मला स्मरते.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. वीज गेली, इन्व्हर्टर मध्यरात्रीपर्यंत पुरला, पंप थांबला. पाणी हलले नाही तर त्यात हवा मिसळत नाही, आणि मासे पाण्यातच गुदमरतात. सत्तरी ओलांडलेले आम्ही दोघे भाऊ, मेणबत्तीच्या उजेडात, आळीपाळीने तांब्या बुडवून हातभर उंचीवरून पाणी पुन्हा पेटीत सोडीत बसलो; तांब्या अर्थात स्टीलचा. दोन दिवस आणि दोन रात्री हा अभिषेक चालला. वीज आली तेव्हा सगळे जीव जिवंत होते; आणि तिसऱ्या सकाळी आनंदीबाई कुंडीच्या बाहेर वाळूवर पडलेल्या आढळल्या. वादळाने म्हणावे तर वीज आली होती; वयाने म्हणावे तर ते दोघांचे सारखेच होते.

राघोबा दोन दिवस कुंडीतून निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तो तिच्या तोंडाशी आला. आषाढात मी काच पुसायला हात घातला तेव्हा टक् टक् असा आवाज झाला आणि माझ्या करंगळीला, त्याच जागी, चावा बसला. दिवाळीपर्यंत तो आनंदीबाईंइतका वाढला होता. त्याला सोबत म्हणून एक पिलू आणले, ते आल्यापासून खडकामागे इतके पळत असे, की दादांनी त्याचे नाव बाजीराव ठेवल्यावर दुसरा बाजीराव हे निराळे सांगावे लागले नाही. नात्याचा घोळ झाला खरा. पण त्याहून मोठा घोळ पुढच्या चैत्रात झाला. कुंडीच्या आत अंडी दिसली, ती घातली होती राघोबाने, आणि त्यांना वारा घालीत होता बाजीराव.

या जातीत जन्मतः सगळेच नर. घरातला सर्वांत थोर असेल तो मादी होतो. ती गेली की तिचा नर काही आठवड्या-महिन्यांत तिची जागा घेतो, आणि मग माघारी फिरत नाही. १९७७ साली हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात हे मांडले, आणि थोरलीचा दराराच धाकट्याला नर ठेवतो असे दाखविले. मला यात नवल वाटायला नको होते. आयुष्यभर साहेबापुढे कापणारा हेडकारकून खुर्ची मिळताच त्याच साहेबाच्या आवाजात खेकसू लागलेला मी कचेरीत अनेकदा पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी मनातून हसलो होतो.

त्याच दिवशी चहा घेऊन मी कप ओट्यावर ठेवला, आणि दादा आतून म्हणाले, "तसाच ठेवू नकोस बापू, मुंग्या येतात." मी थबकलो. हे वाक्य वहिनींचे होते. शब्द त्यांचे, हेल त्यांचा, शेवटच्या अक्षरावरचा किंचित त्रागाही त्यांचा. ज्या गृहस्थाला पन्नास वर्षे चहापूड कुठल्या डब्यात आहे हे ठाऊक नव्हते, तो गेली पाच वर्षे हे वाक्य रोज म्हणत होता आणि मी ते रोज ऐकत होतो. तेव्हापासून मी त्या हेडकारकुनाला हसत नाही. घरात एक जागा असते, ती रिकामी राहिली तर घर चालत नाही. जो उरतो त्याला ती हाक मारते, आणि त्याला ती व्हावे लागते.

वहीत मात्र पेच पडला. मी म्हटले, "दादा, आता 'राघोबा आली' असं लिहायला हवं." दादा म्हणाले, "नाव बदलल्याशिवाय क्रियापद बदलायचं नाही." आणि त्यांनी व्याकरणातून एक पळवाट काढली. त्या चैत्रापासून शेऱ्याच्या रकान्यात राघोबा कधी येत नाही, जात नाही, पोहत नाही. 'राघोबाने अन्न घेतले', 'राघोबाने अंडी घातली', 'राघोबाने बापूचा हात चावला'. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे चालते, कर्त्याचे लिंग कुणी विचारीत नाही. बाजीराव मात्र त्याच पानांवर सरळ 'जेवला', 'पळाला' आणि 'लपला' आहे.

२०२४च्या माघात, चौदा वर्षांचे आयुष्य भोगून, राघोबाने अन्न सोडले, आणि चौथ्या दिवशी पहाटे सारे संपले. दादांनी वही उघडली. उष्णतामान लिहिले, घनता लिहिली, आणि शेऱ्याशी येऊन लेखणी थांबली. कारण जाण्याला कर्म नसते. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिले: 'राघोबा गेली.'

त्याखाली, त्याच शाईने, दुसऱ्या दिवशीची नोंद आहे: 'बाजीरावाने अन्न घेतले.'