छडीने खेळ येतो का?

मला खो-खो फार आवडतो. पाठलाग करणारे ८ जण ओळीत बसतात व नववा पळतो. पाठीला हात लागून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचे नसते. आधी उठले की फाऊल.

माझी ताई सातवीत आहे. ती आधी उठली म्हणून खेळाच्या सरांनी तिच्या पोटरीवर छडी मारली. मग ती इतकी घाबरली की खो मिळाला तरी उशिरा उठायची. आता ती खेळायलाच जात नाही.

आमचे आबा म्हणतात, "आमचे वस्ताद मारायचे, म्हणून आम्ही पैलवान झालो." मी विचारले, "आबा, वस्ताद जोर-बैठका काढून घ्यायचे का?" ते म्हणाले, "तर! रोज पहाटे." मग ताकद जोर-बैठकांनी आली, छडीने कशी येईल?

दमवणे वेगळे अन् मारणे वेगळे. दमलेला पाणी पिऊन परत उभा राहतो. मार खाल्लेल्याचे लक्ष छडीकडेच राहते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. मैदानसुद्धा शाळेचेच असते. म्हणून मला वाटते, चुकले तर दहा वेळा करून घ्यावे, पण मारू नये.

– इयत्ता ४ थी