अकरा महिन्यांच्या करारात माती सुधारत नाही

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमची तीन एकर सामाईक जमीन आहे. सातबारावर नावं तीन. मी पुण्यात, चुलतभाऊ मुंबईत, आत्या कराडला. कसणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून रान वर्षानुवर्षं खंडाने जातं. तोंडी, किंवा फार तर अकरा महिन्यांच्या कागदावर.

आता गंमत बघा. आडसाली ऊस तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. म्हणजे उभ्या उसातच करार संपतो! हा अकराचा आकडा पिकाच्या हिशोबाने कुणी काढलेला नाही. तो कूळ लागेल या भीतीतून आलाय.

त्याचा परिणाम मातीवर दिसतो. पुढच्या साली रान आपल्याकडे राहील की नाही हेच ठाऊक नसेल तर शेणखत कोण टाकणार? पाचट पेटवायचं, युरिया ओतायचा, मोकाट पाणी सोडायचं. खालचा अर्धा एकर पांढरा पडलाय, क्षारपड. त्यात पावसाळ्यानंतरही पाणी तुंबून राहतं. खंडाने करणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

दोन वर्षं भागीदार शोधतोय. जे आले त्यातल्या निम्म्यांना ‘सेंद्रिय’च्या नावाखाली फार्महाऊस हवं होतं. बाकीच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, खंड किती? मग कोरेगाव तालुक्यातलं एक जोडपं आलं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपात पहिलं आलेलं वेळू त्यांच्या शेजारचं. पाण्याची कामं बघत मोठी झालेली ही पोरं. त्यांनी आल्या आल्या फावडं मागितलं, दोन ठिकाणी खणलं आणि विचारलं, “पाणी कुठं तुंबतं?” मला तिथंच माणसं पटली.

त्यांची मागणी: सात वर्षं, लेखी, नोंदणी करून. पहिल्या साली ताग-धैंचा गाडायचा, पाचट कधीच जाळायचं नाही, ऊस अर्ध्याच रानात. जमिनीखालून निचऱ्याचे सच्छिद्र पाइप घालायचा खर्च माझा. त्याचं पाणी काढायला खालच्या शेजाऱ्याची संमती लागेल, ते वेगळंच.

आत्या म्हणाली, “लेखी दिलंस की रान गेलं बघ.”

तिला वेड्यात काढू नका. १ एप्रिल १९५७, कृषक दिनाला, कसेल त्याची जमीन झाली. आजोबा स्वतः कूळ होते. ही तीन एकर त्याच कायद्याने आमची झाली. त्या दिवशी काय झालं ते आत्याला आमच्यापेक्षा नीट कळतं. १९५७ नंतर लागलेल्या कुळालाही जमीन विकत घ्यायचा हक्क देणारं ३२-ओ कलम कायद्यात आहेच. शिवाय आमच्यासारख्या कुळाने मिळवलेल्या जमिनीला कलम ४३ चं बंधन. नुसता भाडेपट्टा करायचा तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर ती अट सैल केली, पण हे गावात किती जणांना माहीत आहे?

त्या कायद्याने न्याय केला, त्याला हात लावू नये असंच माझं मत आहे. पण जिथं मालकही तीन एकरवाला आणि कसणाराही तसाच, तिथं मालकी शाबूत ठेवणारा लांब मुदतीचा खंड कायद्यात बसायला हवा. २०१६ मध्ये नीती आयोगाने असा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता. आज पीएम किसानचे वर्षाचे ६००० जमीनमालकाच्या खात्यात जातात आणि तोंडी खंडाने करणारा पीककर्जाला बँकेत गेला तर त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो.

परवा आत्या थोडी खाली आली. “सात नको, तीन साल दे.” पोरांचं म्हणणं, तीन साल तर पांढरी जमीन काळी करण्यातच जातील. शेवटी आत्या म्हणाली, “त्या पोरीला एकदा कराडला घेऊन ये, मी बघते.” रविवारी चाललोय.

सांगली-साताऱ्यात कुणी असा लांब मुदतीचा लेखी करार केला असेल आणि तो प्रत्यक्ष चालू असेल, तर त्याचा मसुदा इनबॉक्सात पाठवा. आत्याला दाखवायचाय.