पाँटून बोटीचं कव्हर: आधी ढाळ, मग कापड

मिनेसोटातल्या रिचमंड गावाजवळच्या अँब्रोज वीरिस या शेतकऱ्याने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी पिंपं एकाला एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या, वर लाकडी पाट बसवला आणि तो तराफा हॉर्सशू तळ्यात सोडला. आजच्या पाँटून बोटीचा उगम इथला. पुढे पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या, पाटाच्या जागी मरीन प्लायवुड आलं, आणि त्यावर कठडा, रेक्झिनच्या गाद्यांची आसनं, चालकाचा कन्सोल, घडी होणारं बिमिनी छत अशी सगळी बैठक मांडली गेली. म्हणजे या बोटीचा जो भाग पाण्यात असतो त्याला पाण्याचं भय नाही. जपायची असते ती वरची बैठक. याच राज्यात मी अशी बोट बाळगून आहे. कव्हरं घेताना, वापरताना आणि इतरांची फाटलेली पाहताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. कव्हर निवडताना आपण कापडाकडे फार बघतो आणि आकाराकडे फार थोडं. पाणी आत येऊ न देणं हे कव्हरचं तिसरं काम. पडलेलं पाणी वाहून घालवणं आणि आतली ओल बाहेर जाऊ देणं ही पहिली दोन.

दुकानात गेलं की सगळ्यात आधी डेनियरचा आकडा कानावर पडतो: 300, 600, 1200. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचं डेनियर. आकडा मोठा, तर धागा जाड. एवढंच तो सांगतो. त्या धाग्याला रंग कसा दिला, कापडावर लेप कसला आहे, ते कशाने शिवलं आहे आणि ते माझ्या बोटीवर ताणून बसेल की नाही, यातलं काहीच त्यात नाही. पाँटूनच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न फार मोठा ठरतो, कारण हिचा वरचा भाग जवळजवळ सपाट असतो. मासेमारीच्या छोट्या निमुळत्या बोटीवर कव्हरला आपसूक उतार मिळतो. पाँटूनवर सव्वासहा-साडेसहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद अशी पसरट जागा असते आणि कापडाला आधार फक्त कडेच्या कठड्याचा. मध्ये टेकू नसेल तर कापडाला झोळ पडणारच. त्या झोळात पाणी साचतं, साचलेल्या पाण्याने झोळ खोल होतो, आणि खोल झाला की आजूबाजूचं आणखी पाणी तिकडेच वळतं. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सरासरी दहा सेंटिमीटर खोल एवढंच पाणी साचलं, तरी ते तीनशे लिटर होतं, म्हणजे तीनशे किलो. चार माणसांचं वजन एका शिवणीवर. ते पेलण्यासाठी कुठलंच कव्हर शिवलेलं नसतं, मग धागा कितीही जाड असो. फाटलेलं कव्हर पाहिलं की लोक कापडाला दोष देतात. खरं तर बहुतेक वेळा टाके आधी उसवलेले असतात आणि त्याचं कारण ढाळ नसणं हे असतं. म्हणून माझ्या हिशेबात टेकूचे खांब, त्यांच्या डोक्याशी कापडाला लावलेली ठिगळं आणि मधोमध उंच कणा धरून दोन्ही बाजूंना पडणारा उतार यांना पहिला मान. खांबांची संख्या वाढवायला पैसेही फार लागत नाहीत.

ओलीचं प्रकरण याहून फसवं आहे, कारण ती दिसत नाही. तळ्यात उभ्या बोटीच्या खालून दमट हवा सतत वर येत असते. पोहून आलेल्यांचे ओले टॉवेल, लाइफ जॅकेटं, भिजलेला गालिचा हे सगळं संध्याकाळी कव्हरखाली झाकलं जातं. दिवसा उन्हाने आत वाफ होते, रात्री कापड गार पडतं आणि तीच वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन गाद्यांवर गळते. गादीच्या शिवणीतून पाणी आत फोममध्ये मुरतं आणि तिथून ते लवकर सुटत नाही. बुरशीला रेक्झिनपेक्षा त्यावरची धूळ, घाम आणि सनस्क्रीनचा थर आवडतो. ओल आणि ऊब मिळाली की तिला आणखी काही नको. यावर लोक म्हणतात, मग पूर्ण वॉटरप्रूफ कव्हरच घ्यावं ना? नेमकं तिथेच गणित उलटं होतं. ज्या कापडातून थेंब आत जात नाही, त्यातून वाफही सहसा बाहेर जात नाही. झरोके नसलेल्या घट्ट लेपाच्या कव्हरखाली बोट पावसाने नव्हे तर स्वतःच्या ओलीने खराब होते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मासेमारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारल्या जात. एकेक झाप काही जलरोधक नसतो, पण उतारावर एकावर एक रचले की पाणी खाली निथळतं आणि फटींतून वारा खेळता राहतो. आजच्या चांगल्या कव्हरवरचे जाळीचे झरोके हेच काम करतात. दोन्ही टोकांना किमान एकेक झरोका हवा, म्हणजे हवा एकीकडून शिरून दुसरीकडून निघेल; एकाच झरोक्याने फारसा उपयोग होत नाही.

याचा अर्थ कापड कुठलंही चालेल असा नाही. इथला उन्हाळा छोटा असला तरी जूनमधला दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, आणि रेक्झिनमधला मऊपणा टिकवणारी द्रव्यं त्या उन्हात उडून जाऊन ते कडक होतं, तडकतं. उन्हाळ्यात कव्हर पावसाइतकंच उन्हासाठी असतं, आणि ते ऊन सगळ्यात आधी कव्हर स्वतः खात असतं. म्हणून कापडाबाबत माझा आग्रह एकाच गोष्टीचा: रंग धागा बनतानाच त्यात मिसळलेला असावा. विणून झाल्यावर वरून रंगवलेलं कापड लवकर विटतं. आधीच रंग मिसळलेल्या धाग्यात तो आरपार असतो. सनब्रेलासारखं ॲक्रिलिक कापड याच पद्धतीने बनतं आणि त्याच्या विणीतून वाफ जाऊ शकते, पण ते घासलं गेल्यावर पॉलिएस्टरइतकं टिकत नाही आणि ताणाने थोडं सैलावतं. पॉलिएस्टर चिवट असतं, पण त्याच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप काही वर्षांनी दमटपणाने चिकट होऊन सुटायला लागतो. म्हणून मी सदोदित तळ्यात उभ्या राहणाऱ्या बोटीला ॲक्रिलिक आणि वारंवार ट्रेलरवर ओढल्या जाणाऱ्या बोटीला पॉलिएस्टर सुचवतो. हमरस्त्यावरच्या वाऱ्यात कापड फडफडतं आणि कठड्याच्या कोपऱ्यांवर घासून भोकं पडतात, तेव्हा तिथे दुहेरी ठिगळ आणि खालून आवळणारे पट्टे हवेतच. दोऱ्याबद्दल मात्र कुणी विचारतच नाही. साधा पॉलिएस्टर दोरा कापडाच्या आधी उन्हाने कुजतो. पीटीएफईचा दोरा महाग असतो पण उन्हाला दाद देत नाही. दहा वर्षं टिकणाऱ्या कापडाला चार-पाच वर्षांचा दोरा लावण्यात काय अर्थ?

खर्चाचा आक्षेप मला खरा वाटतो. सर्व बोटींना बसेल म्हणून विकलं जाणारं कव्हर काही शे डॉलरमध्ये मिळतं, मापाने शिवलेलं हजारांच्या घरात जातं. पण ‘सर्व बोटींना’ म्हणजे कुणालाही नेमकं नाही. जिथे सैल, तिथे झोळ. मधला मार्ग आहे: विशिष्ट मॉडेलसाठी बेतलेलं तयार कव्हर. तेही घेताना मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नये, कारण 22 लिहिलेली बोट प्रत्यक्षात बावीस फूटच असेल असं नाही. टेप घेऊन मधल्या रेषेवरून लांबी, मग रुंदी, कठड्याची उंची आणि घडी केलेलं बिमिनी कुठे येतं ते मोजावं. साध्या ताडपत्रीचे समर्थकही इथे खूप आहेत. ताडपत्री एका मोसमापुरती चालेल, पण ती कडांनी रेक्झिनला घासते आणि तिला झरोका नसतो. हिवाळ्यासाठी श्रिंक-रॅप चांगलं काम करतं हे मी मान्य करतो. मात्र ते टिकतं कशामुळे ते बघा: आत चौकट उभारून बर्फ घसरेल असा ढाळ दिलेला असतो आणि त्यातही झरोके बसवावे लागतात. दर वसंतात ते प्लॅस्टिक फाडून फेकलं जातं, हे मला पटत नाही, आणि उन्हाळ्यात त्याचा उपयोगही नाही.

आणखी एक आक्षेप असतो की खांब, पट्टे, टिचबटणं लावत बसायला वेळ कुणाला? हा आक्षेप मी सगळ्यात गांभीर्याने घेतो. जे कव्हर चढवायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो, ते आठवडाभर घडी होऊन पडून राहतं आणि बोट उघडी राहते. एकट्याने दहा मिनिटांत चढणारं मध्यम प्रतीचं कव्हर मला उत्तम प्रतीच्या अवजड कव्हरपेक्षा जास्त उपयोगी वाटतं. म्हणून दुकानात ते स्वतः चढवून बघू द्या असा आग्रह धरा, आणि घरी आणल्यावर त्यावर बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते पाहा. थांबलं तर तिथे आणखी एक खांब लावा. मापाने शिवूनच घ्यायचं असेल तर बोट सप्टेंबरातच शिवणाऱ्याकडे मोजायला द्या. एप्रिल-मेमध्ये तळी मोकळी झाली की सगळेच एकदम त्याच्या दारात उभे असतात.