पंधरा हजारांत दूरचा पक्षी

पंधरा हजारांत डीएसएलआर आणि पक्ष्यांसाठीची लांब लेन्स बसत नाही, जुनीसुद्धा नाही. उरतो सुपरझूम: लेन्स कायमची जोडलेली, वजन झेपेल असं आणि दूरचा पक्षी टिपेल एवढा पल्ला. मला हिवाळ्यात भिगवणला जायचं होतं. तिथे उजनी धरणाच्या पाण्यावर तेव्हा रोहित आणि पट्टकादंब असतात.

निकॉनचा पी९०० म्हणजे ८३ पट झूम, पण तो जुनाही माझ्या आवाक्याबाहेर होता. मग खरी निवड उरली २०१२ सालच्या दोन कॅमेऱ्यांत. कॅनन एसएक्स५० ची झेप १२०० मिलिमीटरपर्यंत, तर पॅनासॉनिक एफझेड२०० ची फक्त ६००. ज्याला विचारलं तो कॅनन घे म्हणाला.

मी पॅनासॉनिक घेतला. दोन्हींचा सेन्सर सारखाच, करंगळीच्या नखाहून लहान. एवढ्याशा सेन्सरला कमी उजेड मिळाला की पिसांचा तपशील दाणेदार चिखलात जातो. पूर्ण झूमला कॅननची लेन्स एफ/६.५ वर येते. पॅनासॉनिकची शेवटपर्यंत एफ/२.८ राहते, म्हणजे पाचपटीहून जास्त प्रकाश. पहाटे, पक्षी सर्वांत चळवळे असताना, एकाच आयएसओवर कॅननला १/६० चा शटर लागेल तिथे याला १/३२० मिळतो. पंख हलले तरी पक्षी हलत नाही. उलट ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हा १२०० मिलिमीटर असूनही लांबचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखाच दिसतो. लांबच्या वाळक्या झाडावर निवांत बसलेला गरुड हवा असेल आणि ऊन कोवळं असेल, तर मात्र कॅननच सरस, हे मान्य.

कॅमेरा मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात मिळाला. तिथे मी घाई केली नाही. मोबाइलचा टॉर्च लेन्समध्ये मारून बुरशीचे धागे शोधले. मुंबईच्या दमट हवेत हे आधी बघावं. झूम पुढे-मागे करताना आवाज अडखळतो का ते ऐकलं. एफ/८ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढला, कारण आत गेलेली धूळ त्यातच करड्या ठिपक्यांनी दिसते, आणि लेन्स निघत नसल्यामुळे ती आपल्याला घरी साफ करता येत नाही. पहिल्या कॅमेऱ्यात असे ठिपके होते. तो परत ठेवला. दुसऱ्या कॅमेऱ्याने मी समोरच्या पाटीचा फोटो काढला. एका बाजूची अक्षरं स्पष्ट आणि दुसरीकडची पुसट असती, तर कॅमेरा कधीतरी पडलाय असंच मी धरलं असतं. अक्षरं दोन्हीकडे सारखी होती.

भिगवणला उडत्या पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन्ही काळे पट्टे या कॅमेऱ्यात स्वच्छ आले. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा स्वतःचं कार्ड न्या, फोटो लॅपटॉपवर मोठे करून पाहा आणि मगच पैसे द्या. दुकानदार तेवढंही करू देत नसेल तर तिथे घेऊ नका.