बॅटरीतील वीज

मुलांनो, वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवा लागतो, पंखा फिरतो. मग चहाची विजेची केटली का लावू नये? माझ्या धाकट्या बहिणीने रमजानमध्ये सहरीच्या वेळी हेच विचारले. अम्मी म्हणाली, "नको बेटा, दादीचा पंखा बंद पडेल." दादीला दम्याचा त्रास आहे.

मी हिशेब केला. आमचा इन्व्हर्टर ६०० वॅटचा, केटली १५०० वॅटची. एवढा भार आला की तो बंदच पडतो. मोठा इन्व्हर्टर केटली चालवील. पण एक लिटर पाणी उकळायला सुमारे १०० वॅट-तास वीज लागते. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा जवळजवळ अकरा तास चालतो! उष्णतेला वीज फार लागते. त्या मोठ्या इन्व्हर्टरवर ५०० वॅटचा मिक्सर दोन मिनिटे फिरवला, तर मात्र १७ वॅट-तासच खर्च होतात.

बॅटरी माठासारखी असते. भरले असेल तेवढेच मिळते. म्हणून प्रत्येक उपकरणावर लिहिलेले वॅट वाचा. चहा गॅसवरही होतो. दादीचा पंखा गॅसवर फिरत नाही.